खिळ्यावरची दोन गॅस्केटं

देवाला दिवा लावून झाला की आमच्या थोरल्या जाऊबाई शेजारच्या खिळ्यावर टांगलेल्या दोन जळक्या गॅस्केटांकडे टक लावून बघायच्या. गेलेल्या दिरांचा फोटो मात्र ट्रंकेत पालथा. मी बोलले तर म्हणायच्या, "त्यांचं नाव साफ होऊ दे गो, मग येतील भिंतीवर."

दिरांचं, म्हणजे बापूंचं, पोलादपुरात गॅरेज होतं, भागीदारीत दत्तू. घरच्याच पेट्रोल जीपला टर्बो लावायचं ठरलं. टर्बो इंजिनात जोराने हवा कोंबतो, म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उतरवावं लागतं. दीर म्हणाले, पिस्टनचे माथे लेथवर तासून खोलगट करून घेऊ. नेमके ते तापाने पडले आणि दत्तूने पिस्टन न तासताच, इंजिनाच्या सांध्यात एक गॅस्केट असतं तिथे परस्पर दोन एकावर एक ठेवून इंजिन बांधून टाकलं. बरे झाल्यावर दीर जीप घेऊन निघाले आणि कशेडी घाटात गॅस्केट फुटलं. दत्तू गावभर सांगत सुटला, "बापूला कॉम्प्रेशन कळत नाय." गिऱ्हाइकं तुटली आणि मेल्याने समोरच स्वतःचं गॅरेज थाटलं! दीर त्या धसक्यानेच गेले.

जाऊबाई लग्नापासून दिरांच्या बरोबरीने गॅरेजात नट-बोल्टांवर पाने फिरवत आलेल्या. तेराव्यानंतर त्यांनीच तशीच पडून राहिलेल्या जीपचं इंजिन खोललं. दोन गॅस्केटं हाताला लागली तेव्हा रडल्या नाहीत. "आता याला सोडत नाय," एवढंच बोलल्या.

महाडच्या लेथवाल्याने सुचवलं, "वहिनी, एकच जाड गॅस्केट टाका, संध्याकाळी गाडी न्या."

त्या उसळल्या. "मग दत्तू काय वायट होता? पिस्टनच तास. पन माथा पातळ केलास तर तुलाबी बघून घेईन!"

तयार झालेली जीप कशेडी चढून-उतरून थेट दत्तूच्या दारात आली. मी शेजारी बसले होते, त्याचं तोंड बघायला. चहा पीत असलेले ड्रायव्हर जवळ आले.

"नवं इंजिन टाकलं काय, वयनी?" दत्तूने विचारलं.

"इंजिन तेच. पिस्टन तासलं, ते सांगत होते तसं. काढलं ते तू घातलेलं!" जाऊबाईंनी गॅस्केटं त्याच्या पुढ्यात आपटली. "एकावर एक कोनी ठेवली, सांग सगळ्यांना."

दत्तूची मान खाली गेली. "घाई होती, वयनी."

ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू!

घरी येऊन जाऊबाईंनी ट्रंक उघडली. फोटो पदराने पुसून त्याच खिळ्यावर लावला आणि मग, इतक्या महिन्यांनी, ढसाढसा रडल्या.