कमावलेला कान

बळवंतराव घरी आलेल्या माणसाचे आधी कान बघायचे. उंबरठ्याशी थांबवून, बैलाचे दात तपासावेत तसे. मग म्हणायचे, "कान कमवावा लागतो, मास्तर. जन्मतः असतात ती नुसती भोकं." पहिल्या भेटीतच हा माणूस माझ्या डोक्यात गेला, आणि पुढे इतकी वर्षं शेजारी राहूनही तो तिथून कधी उतरला नाही.

साठ सालच्या आसपास ते मुंबईची नोकरी संपवून लोणावळ्याला भांगरवाडीत राहायला आले. जहाज कंपनीत कारकून होते. मूळचे कामशेतच्या पलीकडचे, भातशेतीवाले. पण ते गाव त्यांनी जिभेवरून पार पुसून टाकलं होतं. सख्खा भाऊ आला तरी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावत. गोदीत परदेशी खलाशांकडून त्यांनी जॅझच्या रेकॉर्डी मिळवल्या होत्या. अमेरिकेतल्या काळ्या वादकांचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. त्या काचेच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली बळवंतरावांच्या करगोट्याला.

रविवारी संध्याकाळी बैठक भरे. पावसाने कोंडलेले आम्ही तीन-चार शेजारी चहाच्या आशेने जायचो. सुपारी कातरायची नाही, खोकायचं नाही, पायाने ताल धरायचा नाही. एकदा पोस्टमास्तरांचा पाय नकळत हलला, तर बळवंतरावांनी सुईच उचलली. "तमाशाला आलात काय?" खरं सांगतो, संगीत अफाट होतं. वाजवणारा तिकडे जीव तोडून माणसांना नाचायला बोलावतोय आणि हा शहाणा इथे शोकसभा भरवून बसलाय, याचा मला मनस्वी राग यायचा.

सगळ्यात जास्त हेटाळणी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या वाट्याला. "हिला विचारू नका. हिचा कान जात्याच्या घरघरीवर वाढलाय," असं ते आमच्यादेखत म्हणत. वहिनी कपबश्या उचलत.

एका श्रावणात बळवंतरावांना दोन दिवस मुंबईला जायचं होतं. लोणावळ्याच्या ओलीने रेकॉर्डींवर बुरशी धरायला लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि बजावलं, "पुसून ठेव. एक जरी बिघडली, तर तू तुझ्या माहेरी." वहिनींनी रेकॉर्डी स्वच्छ धुतल्या. पुसल्या तरी दमट लागल्या, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात कपडे वाळवतात तशी शेगडी पेटवून त्यावर बांबूचं टोपलं पालथं घातलं आणि पहिली रेकॉर्ड त्यावर ठेवली. दुसरी ठेवायची वेळ आलीच नाही.

"मास्तर, पापडावानी वाकली वो," त्या माझ्या दारात येऊन रडायला लागल्या. "त्यांच्या लय जीवाची हाये ती."

"लपवून टाका," मी म्हणालो.

"कुटं लपवू? बैठकीला पयली तीच लावत्यात."

रविवारी बळवंतरावांनी तीच लावली. सुई वर-खाली होऊ लागली आणि ट्रम्पेट आजारी बोकडासारखं केकाटायला लागलं. आम्ही माना खाली घातल्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात खांबासारख्या उभ्या. बळवंतराव मान डोलवत म्हणाले, "ऐका! काय सूर लावलाय!"

वहिनींच्या चेहऱ्यावर एकदम सुटकेचं हसू आलं. मग ते तसंच विझलं आणि त्या आत गेल्या. मी कपबश्या ठेवायच्या निमित्ताने मागे गेलो, तर त्या चुलीपाशी बसून पदर तोंडात धरून रडत होत्या. "मास्तर, यास्नी ऐकू येत न्हाई वो."

मग सगळं लक्षात आलं. आवाज हल्ली वाढतच चालला होता. हाक मारली की ओ देत नसत आणि आम्ही तो माज समजत होतो. मला तर उकळ्याच फुटल्या. पुढच्या रविवारी चारचौघांत सांगतो, म्हणालो.

"तुमास्नी माझी आण हाये," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्यापाशी दुसरं हाये काय?"

दर रविवारी बोकड केकाटत राहिला आणि आम्ही वहिनींसाठी माना डोलवत राहिलो.

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. एकदा वहिनी पेज आणायला आत गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली बोली बाहेर आली. "ती रेकॉर्ड हिनं शेगडीवर वाळवली न्हवं? सुई वर-खाली व्हत व्हती. आंधळा न्हाई मी."

मग बोलला का नाहीत, असं मी हातानेच विचारलं.

"वरडलो असतो, तर तिनं इचारलं असतं, ऐकू आलं का म्हणून. मग काय सांगणार व्हतो?"

म्हणजे दयामाया नव्हतीच. आयुष्यात एकदा बायकोला माफ केलं, तेही स्वतःची अब्रू वाचवायला. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. "आन तुमी समदे माना डोलवत व्हता. नुसती भोकं!"

पुढच्याच आठवड्यात ते गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनी मला चहाला बोलावलं. किल्ली आता त्यांच्या कमरेला होती. "शेवटपतुर कळलं न्हाई त्यास्नी. व्हय ना, मास्तर?"

"नाही कळलं," मी म्हणालो.

त्यांनी कपाट उघडलं आणि नेमकी तीच वाकडी रेकॉर्ड काढली. "चांगल्या हायेत की बाकीच्या," मी म्हणालो.

"असू द्या. मला हिचीच सवं झालीया."

ट्रम्पेट केकाटायला लागलं. वहिनी हॉलमध्ये, बळवंतरावांच्या खुर्चीत बसल्या आणि थोड्या वेळाने पायाने ताल धरू लागल्या.