कुंदावहिनी आणि डावीकडे ओढणारी गाडी

कुंदावहिनी गेली तेव्हा मी धरमपेठेत भाजी घेत होतो. फोनवर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एवढंच म्हणाला, "अरे, कुंदा उठून नाही राहिली." ताप-बीप असेल, असं वाटून मी बेसाला त्याच्या घरी पोहोचलो, तर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेली... कुणाला काही करायची संधी न देता. आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे तिच्या हातच्या वड्यांबद्दल, मायाळू स्वभावाबद्दल बोलतात. ते खरंच आहे, पण मला ती दिसते ती सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलून, गाडी कुठल्या बाजूला जाते ते बघत बसलेली. शेजारच्या सीटवर मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत असायचो.

पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली, ती स्वतःच्या आईसाठी. आई कुहीजवळच्या गावात एकटी राहते. धानाची शेती बटईने दुसऱ्याला कसायला दिलेली, तरी "घर सोडून येणार नाही" हा हेका काही सुटेना. मग दर रविवारी वहिनीच कुहीच्या रस्त्याला लागायची. दादाला हे कधी रुचलं नाही. त्यात एकदा परतताना गाडी मोठ्या गड्ड्यात आदळली आणि तेव्हापासून डावीकडे ओढायला लागली. जरा खालीवर झालं की पुढच्या चाकातून खट् असा आवाज यायचा. दादाने लगेच निकाल दिला, की गाडी नीट होत नसेल तर विकून टाकू, या वयात जीव धोक्यात घालायची गरज नाही. गाडी गेली असती तर रविवारही गेले असते, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही.

म्हणून भरवशाचं गॅरेज शोधणं सुरू झालं आणि त्या कामावर माझी नेमणूक झाली. वहिनीची परीक्षा घ्यायची तऱ्हा वेगळी होती. गाडीला काय झालंय हे ती मेकॅनिकला सांगतच नसे. "आधी चालवून पाहा," एवढंच म्हणे आणि त्याच्या शेजारी जाऊन बसे. एका चकाचक गॅरेजात आम्हाला गार हवेत बसवून कॉफी दिली, आणि चाकाला हातही न लावता सगळं सस्पेन्शन बदलावं लागेल असं सांगितलं. वहिनीने कॉफी संपवली, किल्ली उचलली. दुसऱ्याने खालून दोन हातोडे मारून गाडी ठणठणीत झाल्याचं जाहीर केलं. ती त्याच्या फाटकापर्यंत ठणठणीत होती. मी वैतागून म्हटलं, वहिनी, आपण गॅरेज शोधतोय की जावई? ती घराच्या, म्हणजे दादाच्या, दिशेने बघत म्हणाली, "जावई कसाबी असला तरी निभते जी भाऊजी, गॅरेजवाला नाही निभत."

शेवटी घरापासून जवळच प्रमोदचं गॅरेज सापडलं. तो न बोलता गाडी फिरवून आला, खाली शिरला आणि फाटलेलं रबरी बुश तिच्या हातात ठेवून चाक धरणारा वाकलेला आर्म दाखवला. वहिनी त्या दिवशी परस्पर आईकडून आली होती. ते दुरुस्त झालं, मशिनवर चाकांचं अलाइनमेंट झालं, आणि येताना तिने हात सोडले तर गाडी सुतासारखी सरळ. घरी येऊन आम्ही तांदळाची पोती उतरवली. आईच्या घरून रिकामी डिक्की कधी परत येत नसे आणि डिक्कीत पोती ओढून एका कडेला लावायची म्हातारीची सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, तर ती आता उजवीकडे जायला लागली. दादाला एवढंच हवं होतं. त्याने एका गिऱ्हाइकाला फोन करून संध्याकाळी गाडी बघायला बोलावलं. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसली. तिला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी फाटकाशी स्कूटर थांबली. प्रमोद होता. त्याला कुणीही बोलावलं नव्हतं. गॅरेज झाडताना रॅम्पखाली तांदूळ सांडलेले दिसले, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. "ताई, डिक्कीतले पोते न उतरवताच अलाइनमेंट करून टाकलं म्या," तो म्हणाला, "एका बाजूनं गाडी दबून होती. घेऊन या, दुबारा करून देतो." दादा म्हणाला, पाहिलं, कबूल करून राहिला स्वतःच. वहिनीचा चेहरा मात्र उजळला होता. "भाऊजी, गॅरेज सापडलं जी," ती मला म्हणाली. "आपली चूक सांगाले जो घरी येते, त्याले सोडाचं नाही." दादाने आत जाऊन गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं तीच गाडी, तोच प्रमोद, आणि एकही रविवार चुकला नाही.

ती गेल्यावर गाडी अंगणात झाकून पडली होती. विकायचं दादा बोलत नव्हता, चालवायचंही नाही. म्हातारीकडे आता कोण जाणार, हे विचारायची माझी छाती होत नव्हती. मागच्या रविवारी त्याचाच फोन आला, "चाल, कुहीले जाऊ." प्रमोदकडून गाडी तपासून आणली होती त्याने. गावात पोहोचलो तर म्हातारी पिशवी भरून ओसरीवर बसलेली. आठ दिवस लेकीच्या घरी राहून येते म्हणाली... इतकी वर्षं लेकीने विनवलं तेव्हा न निघालेली बाई. दादाने तिला पुढे बसवलं, मी मागे बसलो. सासू-जावयाचं आजवर डोक्यावरचा पदर सावरण्यापलीकडे बोलणं नव्हतं. गाव सुटल्यावर एका वळणाशी म्हातारी म्हणाली, "जावईबापू, इथं थांबवा जरा. कुंदा मले फिरवाले आणे, तवा इथंच थांबवे. आपलं वावर दिसते इथून."

दादाला हे ठाऊक नव्हतं. त्याने गाडी बाजूला घेतली, बंद केली. दूरवर धान उभं होतं. दोघं तिकडे बघत राहिली. मग दादाने विचारलं, "आई, तुमाले वापस सोडाले येऊ, तेव्हाबी थांबाचं ना इथं?"

वावरावरची नजर न काढता ती म्हणाली, "दर खेपेले."