नवरदेवाच्या गाडीची अलॉय रिम तडकली

मंडळी, दुपारपासून माहा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाले इचारून राह्यलो.

लग्नसराईत नवरदेवाची गाडी चमकली पाहिजे, म्हणून मी माह्या भाड्याच्या जीपच्या लोखंडी रिमा काढून अलॉय बसवल्या. आज झरीच्या जंगलातल्या गावाहून वरात घेऊन निघालो. नाल्याच्या रपट्यावर, त्या बिनकठड्याच्या बुटक्या पुलावर, दगड लागला अन् पुढची रिम तडकली. हवा एका दमात गेली, गाडी काठाकडं सरकली. मागं नवरदेव, त्याची माय अन् करवल्या. खाली खडक.

स्टेपनीले जुनी लोखंडी रिम होती, तिनंच मांडवात पोचवलं. तीन चाकं चमकती अन् एक काळं पाहून वऱ्हाडी हासत होते. मले हासूच येईना.

आमचे सलीमभाई मिस्त्री म्हणे, "लोखंडाची वाकली असती तर ठोकून सरळ केली असती. हे वेल्डिंग करून देतो, पण भरोसा मागू नको."

तेवढ्यात उद्याच्या नवरीच्या बापाचा फोन आला, "भाऊ, जावयाले चमकत्या चाकांचीच गाडी पाहिजे. पोरगी त्यातच सासरी जाईल."

रस्ता तोच, रपटाही तोच. जुन्या रिमा अंगणात पडून आहेत.

खरं सांगा, पोरगी तुमची असती तर कोणती चाकं मागितली असती?