फोनवरून उघडलेली मशीन

आईची शिलाई मशीन अडली तेव्हा मी अमरावतीत होते आणि ती हिवरखेडला. लकव्यानंतर तिचा उजवा हात नीट उचलला जात नव्हता, तरी पायाच्या मशीनवर उशीच्या खोळी, परकर असं काहीबाही ती शिवत असे. त्या दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. कापडाखाली धाग्याचा गोळा होत होता आणि चाक जड फिरत होतं.

"राहू दे माय, रविवारी मी येते."

"येऊ नको. फक्त सांग."

मशीन साफ करायला मला तिनंच शिकवलं होतं. पण आजारपणानंतर आधी काय, मग काय, हे तिच्या डोक्यातून निसटायचं. तिनं फोन डब्याला टेकवला, तो लगेच आडवा झाला. मला फक्त छताचा पंखा दिसू लागला.

"आधी सुई काढ. मग प्लेटचे स्क्रू."

पेचकस घसरल्याचा आवाज आला. मग काहीतरी पडलं. मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले.

"माय, लागलं का?"

"स्क्रू पडला. शोधून राहिली. चूप बस जरा."

चूप बसणं मला जमेना. दात घासायचा जुना ब्रश घे, प्लेटखाली फिरव, बॉबिनची केस काढून पूस, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

"एक एक सांग वं!" ती ओरडली. थोड्या वेळानं आवाज बदलला. "केवढा कापूस निघाला! उशी भरता येईन."

मग तेलाचे थेंब सोड, प्लेट आणि सुई परत बसव. चाक हातानं फिरव, आधी चिंधीवर चालव, नाहीतर परकराला डाग पडतील. मला अजून पंखाच दिसत होता. बाबा शेतात होते, त्यांना फोन लावायचा तर हा कॉल तोडावा लागला असता. माझा अंगठा स्क्रीनवर नुसता फिरत राहिला.

तेवढ्यात मशीन खटखटली. थांबली. अडखळत पुन्हा सुरू झाली आणि सलग चालू लागली.

आईनं फोन उचलून समोर चिंधी धरली. शिवण वाकडी होती, पण टाके दोन्ही बाजूंनी सारखे.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. हात दुखत असेल ना? रविवारी मी..."

"ठेव आता. परकर अर्धा राहिला हाये."

मी बॅगेत कपडे टाकले, काढले, पुन्हा टाकले. रविवारी गेलेच. तिनं डाव्या हातानं कडी काढली आणि दारातच विचारलं,

"काहून आली?"