अण्णांची ‘पेठ’

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की आजही माझी मान खाली जाते. एकोणीसशे साठच्या सुमारास बंगळूरच्या आमच्या मराठी शब्दकोश मंडळात ‘पेठ’ शब्दाची पाळी आली. मुख्य नोंद पुण्यासारख्या वस्तीची, की इथल्यासारख्या बाजाराची? लोकांच्या बोलण्यातला एकेक वापर आम्ही एकेका कार्डावर टिपत असू; ज्या अर्थाची कार्डं जास्त, त्याला पहिला मान, असा नियम होता. शेजारच्या शिंपी अण्णांनी सगळा बाजार पालथा घालून खळीच्या वासाची ढीगभर कार्डं लिहून आणली. त्यांचं कन्नडमिश्रित मराठी पुण्याहून आलेल्या संपादकांना दाखवायची मला लाज वाटली. मी ती कार्डं ड्रॉवरमध्येच ठेवली. खंड छापून आल्यावर अण्णांनी विचारलं, “आमचं स्वल्प तरी आलंय का रे?” मी म्हटलं, “जागा नव्हती, अण्णा.” “सरी, बरं,” ते म्हणाले, आणि पुढच्या खंडासाठी आणलेली कार्डं माझ्या टेबलावर ठेवून गेले.