चिठ्ठीवाली दीदी

राज्य नवं होतं आणि मीही नोकरीत नवी होते. रायपुरात, तेलीबांध्याच्या आमच्या दवाखान्यात माझं काम नेमकं काय, हे मला घरीसुद्धा धड सांगता येत नसे. ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि तरी दुखणं जात नाही, अशांना डॉक्टर चिठ्ठी देऊन माझ्या टेबलाकडे पाठवत. मी त्यांना माणसांत नेऊन सोडायचं, कुणाला शिवणाच्या वर्गात, कुणाला तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांच्या घोळक्यात. लोक मला चिठ्ठीवाली दीदी म्हणत. आपण फार मोठं काहीतरी करतोय, असा तोरा होता मला तेव्हा.

त्यांतल्याच एक काकू दर सोमवारी छाती दाबून धरत यायच्या. नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि मुलानं त्यांना इथल्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. मुलगा-सून नऊ वाजता ऑफिसला जात, ते अंधार पडल्यावर येत. "इनका दर्द गोली से नहीं जाएगा," म्हणत डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे धाडलं.

"दिवसभर भित्तीसंग बोलून राहिली मी," काकू म्हणाल्या, आणि मी हरखलेच. आमच्या घरातलं बोलणं! डोक्यात लगेच आईचं भजनी मंडळ आलं. दर गुरुवारी दुपारी, कॉलनीच्या हॉलमध्ये, दहा-बारा मराठी बायका. काकूंच्या घरापासून दोन गल्ल्या.

काकूंच्या घरी जाऊन विचारलं, तेव्हा भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आडनाव तर चिठ्ठीवर आधीच वाचलं होतं. मला कळत नव्हतं असं नाही. पण रायपुरात शेजारीपाजारी आम्हा सगळ्यांना 'मराठी लोग' एवढंच म्हणत, आणि ते ऐकून ऐकून आपण खरंच तेवढेच झालो आहोत, असं मी धरून चालले होते.

"तुमचे भजन मले कुठं येते?" काकू म्हणाल्या. "आमचा विहार तिकडं रेल्वे कॉलनीत राहिला. दोन ऑटो बदला लागते."

"गाऊ नका. नुसत्या बसा, चार शब्द बोला."

"बरं. तू म्हणते तं जाऊन पाहीन."

तीन गुरुवार त्या गेल्या आणि दवाखान्यातल्या सोमवारच्या फेऱ्या थांबल्या. मी डॉक्टरांपुढे मिरवून घेतलं.

मंडळात दर वेळी एकीनं घरून प्रसाद करून आणायचा, अशी रीत होती. चौथा गुरुवार काकूंनी स्वतःहून मागून घेतला. त्या दिवशी संध्याकाळी आई हॉलवरून आली आणि कागदाची पुडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाहेर गाय उभी आहे, तिले घालून ये."

पुडीत शिरा होता. साजूक तुपातला, वर बदामाचे काप.

"कोणी केला?"

"तुह्या काकूनं."

"मग खाल्ला काहून नाही?"

"आम्ही तिले काही म्हटलं का? सगळ्याईनं हातात घेतला, नमस्कार केला. आता खाची जबरदस्ती आहे का?"

मी भांडायला हवं होतं. निदान तिथंच उभी राहून तो शिरा खायला तरी हवा होता. मी बाहेर गेले आणि गाईपुढे पुडी उघडली. त्या क्षणी मला काकूंची आठवणही नव्हती. माझ्यामुळे मंडळात आईला ऐकून घ्यावं लागेल, याचीच धास्ती होती. लिहिताना किळस येते स्वतःची.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा वार बदलून मंगळवार झाला. सगळ्यांना निरोप गेला, काकूंना नाही. गुरुवारी त्या कुलूपबंद हॉलच्या पायरीवर दोन तास बसून होत्या, असं चौकीदारानं मला सांगितलं. तरी मी त्यांच्याकडे गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

त्याच्या पुढच्या बुधवारी त्याच आल्या, छातीवर हात, डॉक्टरांची नवी चिठ्ठी. समोर बसल्या, आणि त्यांनी काही विचारायच्या आत मी बोलून गेले, "काकू, मंडळ बंद पडलं हो. बायका जमतच नाहीत."

"काल टाळ वाजून राहिले होते न पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या खिडकीत ऐकू येते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझीच समजूत काढायला लागल्या. "मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. माह्यं माहेरचं आडनाव विचारलं, अन् मंग बाजूची बाई थोडी सरकून बसली. पण तू एवढी खुश होती, तुले काहून सांगू? वाटलं, बायका माह्या हातचं खातीन, तं होईल सगळं बरं."

मग त्यांनी विचारलं, "तुह्या आईनं घरी नेला होता शिरा. तू तरी खाल्ला न?"

"हो," मी म्हणाले. "छान झाला होता."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. चिठ्ठी टेबलावर ठेवली, पदर सावरला आणि उठून गेल्या. त्यानंतर त्या आमच्या दवाखान्यात कधीच आल्या नाहीत.

महिन्याभरानं डॉक्टरांनी आठवणीनं विचारलं, "वो माताजी अब नहीं आतीं. ठीक हो गईं ना?"

मी म्हटलं, "हव, ठीक हो गईं."