सिमेंटात बसवलेला तांब्या

भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शेडांमध्ये घरोघर एक थाळी मांडलेली असे. थाळीत पालथा तांब्या, तांब्याच्या बुडावर पालथं फुलपात्र. जमीन जराशी हलली की फुलपात्र किणकिणायचं, जास्त हलली की थाळीत पडायचं. मग आम्ही लेकरं उचलून बाहेर पळायचो. जमिनीच्या पोटातून गुरगुर तर अधूनमधून येतच होती. माझा थोरला मुलगा भूकंपात जुन्या घराच्या मातीच्या धाब्याखाली दबून गेला. धाकटी मुलगी तेवढी राहिली होती.

पुढं परदेशातून काही पोरं-पोरी आमच्या गावात शाळा बांधायला आली. ती पगार घेत नाहीत, असं त्यांच्यासोबतच्या लातूरच्या मॅडम सांगायच्या. मी तिथं भिंतींवर पाणी मारायला जायचे. त्यांच्यातली एक तांबड्या केसांची पोरगी माझ्यासोबत घागरी वाहायची. उन्हानं तिचं नाक सोललं होतं. माझ्या सासूबाई तिच्याकडं बघून म्हणायच्या, "घरी मायला कधी तांब्याभर पाणी दिलं का न्हाई कोणास ठाऊक. हितं घागरी वाहून राहिली." पण दुपारी तिची भाकरी त्याच बांधून आणायच्या, आणि ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं की पदर तोंडाला लावून हसायच्या.

शाळा झाली. वर सिमेंटचा स्लॅब. ती पोरगी वर चढून उड्या मारून दाखवायची, की बघा, किती मजबूत आहे. तरी कुणाचं लेकरू आत जाईना.

"पुन्हा डोक्यावर ओझं कशाला?" शेजारीण म्हणाली. "पत्र्याखाली बसलं तर अक्षर येत न्हाई का?"

माझी मुलगी मात्र दारात उभी राहून फळ्याकडं बघत राहायची. मी स्वतः चौथीत शाळा सोडलेली. एका सकाळी मी घरची थाळी-तांब्या उचलून नेला, शाळेच्या ओट्यावर दाराशी मांडला आणि तिला आत बसवलं. "हे वाजलं की पळायचं. दप्तर घ्यायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई." मी समोर कडुनिंबाखाली राखण करत बसले. ते बघून बाकीच्या बायांनीही लेकरं पाठवली.

सासूबाईंनी त्या तांब्याला हळदकुंकू लावलं. आमच्याकडं जात्याला लागतं, उंबऱ्याला लागतं, नव्या सायकलीलाही लागतं. मग येता-जाता सगळ्याच बाया बोट लावू लागल्या. तांबड्या केसांची पोरगी हे लांबून बघायची. ओट्याजवळ आली की बूट काढायची.

त्यांच्या जायच्या दिवशी सगळं गाव जमलं. ओट्याच्या कोपऱ्यावर कापड झाकलं होतं. तिनं ते ओढून काढलं. थाळी, तांब्या, फुलपात्र, सगळं सिमेंटात घट्ट बसवलेलं. भोवती बांगड्यांच्या काचांची नक्षी. त्या काचा ढिगाऱ्यातून वेचलेल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं माझा हात धरून फुलपात्रावर ठेवला. ते हललं नाही.

मॅडम म्हणाल्या, "ती म्हणते, तुमचा देव आता कधीच पडणार नाही."

पोरगी रडत होती. मी मान हलवली. जीप निघून गेली.

घरी मी म्हणाले, "आत्याबाई, ते फोडून काढू."

"कुंकू लागलंय त्याला. पहार लावू नको," सासूबाई म्हणाल्या. "बाजाराला दुसरी थाळी आणू की."

बाजाराचा वार यायच्या आधीच ते झालं. शाळेत पाढे चालले होते, मी कडुनिंबाखाली बसले होते. कडुनिंबावरचे कावळे एकदम उठले, आणि माझ्या तळहाताखालची जमीन सरकल्यासारखी झाली. मी फुलपात्राकडं पाहिलं. ते गप्प होतं. आत पाढे चालूच. जो आवाज ऐकून पळायचं होतं तो येणारच नव्हता. मी गावात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओरडले. लेकरं धडपडत बाहेर आली. स्लॅबला काही झालं नाही. मुलगी माझ्या लुगड्याला धरून म्हणाली, "आई, वाजलं न्हाई की."

ती शाळा अजून उभी आहे. मुलगी त्याच शाळेत शिकली, हुशार निघाली, आणि आता लातूरला क्लासला आहे. वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, पोरं एकमेकांना खेटून बसलेली, खाली यायला एकच अरुंद जिना. सोडायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत दुसरा थाळी-तांब्या होता.

"आई, हसतील गं सगळे," मुलगी हळूच म्हणाली. "राहू दे ते."

ती वर गेली. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले, तळहात फरशीला टेकून. ट्रक गेला की फरशी थरथरायची. बस गेली की थरथरायची. थांबायची, पुन्हा थरथरायची. कुठलं थरथरणं कशाचं, मला काही कळेना. जिन्याच्या तोंडाशी पोरांच्या चपलांचा ढीग वाढत चालला होता.